दिल्लीतली जागा भरली

अहो, दिल्लीतली जागा भरली.

तुम्ही गेल्यावर बाराव्या दिवशी पेपरात आलं. पहिल्याच पानावर, खालच्या बाजूला, फोटोसकट. मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. 'सर्वोच्च न्यायालयातील रिक्त पद अखेर' इथवर वाचलं आणि थांबले. पुढं वाचायला तुमचा हुंकार यायला पाहिजे होता. तो आला नाही. सोनल आतून तेराव्याची भांडी काढत होती. ती म्हणाली, "आई, कुणाशी बोलतेस?" मी पेपराची घडी घातली आणि तुमच्या फोटोमागं ठेवली.

बातमीतले साहेब साधेच दिसतात. चष्मा आहे. कोणाचं नाव येणार यावर तुम्ही दीड वर्ष डोकं शिणवलंत, पण खरं म्हणजे तुम्हाला नावाशी काही देणंघेणं नव्हतं. तिथं कुणीतरी बसलेलं पाहिजे होतं, एवढंच.

मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर मी लिहिलं असेल ते वाण्याची यादी. पण उद्या रविवारी चार वाजता सगळे आपल्याकडं जमणार आहेत आणि त्यांच्यापुढं मला बोलायचं आहे. जी गोष्ट त्यांना सांगणार ती आधी तुमच्या कानावर घातली पाहिजे. तुमच्या पाठीमागं मी कधी काही केलं नाही. आता तुम्ही नाही, तरी तसं करवत नाही. म्हणून चपात्यांचं काम उरकून दुपारची बसलेय.

तुम्ही बावीस जण होता. चाकणच्या त्या कंपनीत प्रेस मशीनवर तुमच्यातल्या दत्तूभाऊंची दोन बोटं गेली, तिथून हे सगळं सुरू झालं. काम लवकर व्हावं म्हणून कंपनीनं मशीनची हात वाचवणारी जाळी काढून ठेवलेली होती. जाळी बसल्याशिवाय मशीन चालवणार नाही म्हणून तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळे हात बांधून उभे राहिलात. कंपनी म्हणाली, यांनी मुद्दाम मशीन बिघडवली. काढून टाकल्याच्या कागदावर कारण लिहिलं, गैरवर्तन. तुम्ही तो कागद घेऊन घरी आलात, चप्पलसुद्धा काढली नव्हती, दारातच मला वाचून दाखवलात. म्हणालात, "नोकरी गेली, जाऊ दे. पण हा शब्द डोक्यावर घेऊन मी मरणार नाही."

तो शब्द डोक्यावर घेऊनच गेलात. पुसायला कुणाला वेळ झाला नाही.

खालच्या कोर्टात आपण जिंकलो, मुंबईला हरलो, मग दिल्ली. दिल्लीत दोन साहेबांनी तीन तारखांना सगळं ऐकून घेतलं. वकील म्हणाले, चांगलं ऐकलं, निकाल राखून ठेवलाय. त्या दिवशी तुम्ही मोशीच्या चौकातून जिलेबी आणलीत. तुम्हाला साखर चालत नव्हती म्हणून नुसती वाटलीत. आणि निकाल द्यायच्या आत त्या दोघांतले मोठे साहेब रिटायर झाले.

त्या संध्याकाळी तुम्ही फार वेळ हातच बघत बसला होता. मग म्हणालात, "रिलीव्हर न येता माणूस मशीन सोडतो कसा?"

आपल्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हा शब्द मला समजावून सांगितला होतात. शिफ्ट संपली की पुढच्या शिफ्टचा माणूस येतो, तो रिलीव्हर. तो आला, की किती माल झाला, कुठं अडलं, डायचा साचा कसा चालतोय, हे त्याला सांगायचं, तो मशीनवर उभा राहिला की मगच आपण बाजूला व्हायचं. नाही आला तर उभं राहायचं. चार तास, आठ तास. पोटात भूक असो की ताप असो. किती वेळा तसे राहिलात. मी जेवण झाकून बसायची आणि तुम्ही आलात की आधी मोरीत जाऊन लाकडाच्या भुशानं आणि साबणानं हात घासायचात. मी म्हणायची, कंपनीत नाही का धुता येत? तुम्ही म्हणायचात, "रिलीव्हर आल्याशिवाय हात धुवायचे नसतात. धुतले की माणूस गेला असं समजतात."

म्हणून तुम्हाला वाटलं, आणि तुमचं बघून सगळ्यांना वाटलं, की कोर्टातही तसंच असणार. मोठे साहेब गेले, त्यांच्या खुर्चीवर नवे येतील, अर्धवट राहिलेली आपली फाइल हातात घेतील आणि जिथं थांबलं होतं तिथून पुढं सुरू करतील. मलाही तसंच वाटलं. वीस-पंचवीस वर्षं शिफ्ट केलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

मग तुमची नजर मंद व्हायला लागली आणि पेपर वाचायचं काम माझ्याकडं आलं. आधी मी रडकुंडीला यायची. 'न्यायवृंद' म्हणजे काय, 'शिफारस' कुणी केली, 'ज्येष्ठता डावलून' म्हणजे कुणाला डावललं. मी अडखळले की तुम्ही हसला नाहीत. एकदाही नाही. "अक्षर लावून बघ, येतं तुला," म्हणायचात. मला चष्मा करून आणलात, आणि स्वतःच्या डोळ्यांना पुढच्या महिन्यात बघू म्हणालात. आज मी हे चार कागद लिहितेय ते त्या वाचनामुळं. लाजरी आहे म्हणून सगळ्यांनी मला आत ठेवलं. तुम्ही मला सुप्रीम कोर्टाच्या बातम्या वाचायला बाहेरच्या खोलीत बसवलंत.

दीड वर्ष आपण दोघांनी ती एक जागा बघितली. दिल्लीतल्या मोठ्या जजांनी नाव पाठवलं. सरकारनं फाइल ठेवून घेतली. जज विचारतात का ठेवली, सरकार म्हणतं विचार चालू आहे. मग पेपरात आलं, त्या नावाच्या साहेबांनी कधीतरी सरकारच्या विरोधात निकाल दिला होता म्हणून नाव अडलंय. दुसऱ्या दिवशी आलं, तसं काही नाही, अमुक राज्याचा माणूस जास्त होतोय म्हणून. मग नाव परत आलं. मग दुसरं नाव गेलं. त्यावर विरोधी पक्षवाले म्हणाले, हा तर यांचाच माणूस.

तुम्ही म्हणालात, "बघ, जो तो हेच बघतोय, हा आपला आहे का. काम नीट करेल का, हे कुणी विचारतंय का?"

मी म्हणाले, "आपल्याला कसा पाहिजे?"

तुम्ही माझ्या हातातला पेपर घेऊन त्याची घडी घातलीत. मग म्हणालात, "आपला पाहिजे." आणि दोघंही हसलो.

आता तुम्हाला आवडणार नाही ते लिहिते.

तुमची पाच जणांची कमिटी होती. तुम्ही, भानुदास भाऊजी, दत्तूभाऊ एका बाजूला. सुरेश भाऊजी आणि त्यांचे साडू दुसऱ्या बाजूला. काहीही ठरवायचं तर तीन हात वर यायला पाहिजेत, असा नियम तुम्हीच केला होतात. कंपनीनं तडजोडीचा कागद पाठवला. सगळ्यांनी राजीनामा दिल्याचं लिहून द्यायचं, कंपनी गैरवर्तनाचा कागद मागं घेईल, राहिलेली देणी देईल, कामाचा दाखला देईल. सही करायची तर सगळ्यांनी, नाहीतर कुणालाच नाही. सुरेश भाऊजी म्हणाले, घेऊ. तुम्ही म्हणालात, राजीनामा म्हणजे आपण होऊन गेलो असं कबूल करणं. तीन हात तुमच्याकडं होते.

मग दत्तूभाऊ गेले. पुढच्या बैठकीला मी चार कप चहा घेऊन आले. तुम्ही सगळ्यांच्या देखत म्हणालात, "पाचवा आण." मी पाचवा आणला. तो तसाच निवला. कुणी हात लावला नाही. सगळे गेल्यावर मी आत नेऊन प्यायले. तेव्हापासून दर बैठकीला पाच कप, आणि पाचवा गार चहा मी ओट्यापाशी उभी राहून प्यायची. मला वाटायचं, मित्राची आठवण म्हणून ठेवतात. किती मोठं मन आहे.

आठ-दहा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं. दत्तूभाऊंच्या जागी बाकीच्या लोकांना सुरेश भाऊजींकडचा माणूस हवा होता. तो आला असता तर तिकडं तीन हात झाले असते. सुरेश भाऊजी दर वेळी विचारायचे, "दादा, जागा कधी भरायची?" तुम्ही म्हणायचात, "दत्तूचं वर्ष तरी होऊ दे." वर्ष झालं. मग म्हणालात, "सगळे हजर असतील तेव्हा बघू." सगळे कधी हजर असणार? कुणी रात्रपाळीला वॉचमन, कुणी रिक्षावर, कुणी गावाकडं. एकदा सुरेश भाऊजी चिडून म्हणाले, "दादा, त्या कपात आम्ही काय चहा पितो का दत्तूभाऊंचं श्राद्ध घालतो?" भानुदास भाऊजी उठून अंगावर गेले. "मेलेल्या मानसावर बोलतूस व्हय रं?"

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी तुम्हाला म्हणाले. कसं तोंड उघडलं कुणास ठाऊक. म्हणाले, "दिल्लीवाले जागा भरत नाहीत म्हणून तुम्ही त्यांना नावं ठेवता. दत्तूभाऊंची जागा तुम्ही का भरत नाही?"

तुम्ही म्हणालात, "ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी पेपर पुढं सरकवलात आणि म्हणालात, वाच. मी वाचलं. ते भांडण तिथंच राहिलं. काय वेगळं होतं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही परत विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं. तुमच्याकडं उत्तर असेलही. मला अजून ऐकायचं आहे.

आणि दुसरी गोष्ट. ही फक्त आपल्या दोघांना माहीत आहे.

डायलिसिस सुरू झाल्यावर तुम्हाला एकट्याला कुठं सोडवत नव्हतं, म्हणून वकिलांकडं मी बरोबर आले होते. मी बाकावर बसले, तुम्ही टेबलापाशी. तुम्ही त्यांना म्हणालात, "साहेब, नवे साहेब खुर्चीवर आले की आपली फाइल आधी घेतील ना? अर्धी झालेली आहे."

वकील हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. म्हणाले, "काका, कोर्ट म्हणजे कंपनी नाही. तिथं रिलीव्हर नसतो. तुमची केस त्या खुर्चीसाठी थांबलेलीच नाही. ती कुठल्याही दोन जजांपुढं लागेल, आणि पहिल्यापासून ऐकली जाईल. कधी, ते मी सांगू शकत नाही. त्या जागेवर कुणी आलं काय, न आलं काय, तुम्हाला फरक नाही. माझं ऐकाल तर तडजोडीचा कागद वाईट नाही."

रिक्षानं परत निघालो. नाशिक फाट्याला गाडी अडकली तेव्हा माझा हात धरलात. भर रस्त्यात, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर, पहिल्यांदा. म्हणालात, "घरात कुणाला सांगू नको."

पुढच्या बैठकीला सगळ्यांनी विचारलं, वकील काय म्हणाले. मी पडद्याआड होते. तुम्ही म्हणालात, "म्हणाले, जागा भरू द्या. भरली की आपलं लागलंच."

मी पाच कप भरले आणि बाहेर आणले. आपण दोघांनी मिळून त्यांना फसवलं. तुम्ही बोलून आणि मी चहा देऊन.

तुम्ही का तसं केलंत ते मला कळतं. खरं सांगितलं असतं तर त्याच दिवशी सगळे सह्या करून मोकळे झाले असते, आणि तुमच्या नावापुढं राजीनामा लागला असता. तुमच्याकडं दिवस थोडे होते. त्या थोड्या दिवसांना काहीतरी वाट बघायला पाहिजे होतं. पण अहो, दिवस त्यांचेही जात होते. सुरेश भाऊजींच्या पोराचं शिक्षण सुटलं. त्या वॉचमनकी करणाऱ्या तात्यांना दाखला नाही म्हणून दुसऱ्या कुठल्या कंपनीत घेत नाहीत. ते सगळे दर महिन्याला येऊन तुमच्या तोंडाकडं बघायचे आणि दिल्लीच्या खुर्चीची बातमी घेऊन जायचे.

त्या सकाळी डायलिसिसला न्यायला रिक्षा दारात उभी होती, तुम्ही पायात चप्पल घालायला वाकलात आणि वाकलेलेच राहिलात. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. पुढचं लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

तेराव्याला जेवणाच्या पंगती उठल्या नव्हत्या तोवर तुमच्या जागेचं बोलणं सुरू झालं. केसमध्ये वारस म्हणून माझं नाव लागणार आहे, मग कमिटीतही वहिनीच बसू देत, असं दोन्हीकडचे म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोन्ही बाजूंचं एकमत झालं. माझ्यावर.

भानुदास भाऊजी मागच्या दारानं आले. हातात तोच पेपर, डोळ्यांत पाणी. "वैनी, भरली जागा. दादा असायला पायजे व्हते. आता आपलं लागलंच म्हना. आता तडजोडीचं नाव काढायचं न्हाई. तुमी निस्तं बसायचं, बोलायचं काय न्हाई. हात वर करू नका, बास." मी मान हलवली. मान हलवायची सवयच आहे.

मग सुरेश भाऊजी आले. ते चप्पल काढून ओट्याच्या कडेला उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, कंपनीचा कागद महिनाअखेरपर्यंत आहे. नंतर काही नाही. तुम्ही समजूतदार आहात. तीन हात झाले की सुटलो सगळे. तुम्हाला बोलायला लागणार नाही, फक्त हात." मी परत मान हलवली.

ते गेल्यावर मला तुमचं बोलणं आठवलं. जो तो हेच बघतोय, हा आपला आहे का. मी मुकी आहे, म्हणून मी दोघांनाही आपली वाटते.

आता ऐका. उद्या काय करणार ते सांगते. परवानगी मागत नाही, सांगते.

उद्या सगळ्यांना बोलावलंय, कमिटीला नाही, राहिलेल्या वीसच्या वीस जणांना. तात्यांची ड्यूटी तीनला सुटते, त्यांना सोनलचा नवरा गाडीवर घेऊन येणार आहे. कप शेजारून मागून आणलेत. मी आत उभी राहणार नाही. आधी त्यांना वकिलांचं बोलणं सांगणार. जसं ऐकलं तसं, हसण्यासकट. म्हणणार, दिल्लीतल्या खुर्चीचा आणि आपला काही संबंध नाही, हे दादांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. भानुदास भाऊजींच्या तोंडाकडं बघून हे बोलायचं आहे. त्यांनी तुमच्यासाठी भाऊ म्हणून खांदा दिलाय. त्यांचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांपुढं येतं आणि हातातला पेन थांबतो. तुम्हाला ते काय काय म्हणतील. म्हणू देत. मी तिथंच बसून ऐकेन.

मग म्हणणार, दत्तूभाऊंची जागा आत्ताच्या आत्ता भरा. पाहिजे तो माणूस निवडा. आणि मग सगळे खरं माहीत असताना जे म्हणतील ते. थांबू म्हणाले तर मी थांबेन, तुमचं नाव मी पुढं नेईन, माझ्या आयुष्यात लागेल न लागेल. पण ते थांबू म्हणणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. थकलेत सगळे. त्यांनी सही करू म्हटलं तर माझाही हात वर जाईल. तुमच्या नावापुढं राजीनामा लागेल, आणि खाली सही माझी असेल. मोठी, सुटी सुटी अक्षरं, चौथीतली.

राजीनामा तुम्ही दिला नव्हता हे मला माहीत आहे. सोनलला मी सांगितलंय. तिच्या पोरांना ती सांगेल. गैरवर्तन हा शब्द त्या कागदासोबत जाईल. कोर्टानं पुसला असता तर वेगळं होतं. तेवढं आपल्याला मिळालं नाही.

रागवाल. दोन दिवस बोलणार नाही. तिसऱ्या दिवशी तरी पेपर पुढं सरकवा.

साडेतीन वाजले. आत्ताच मोरीत गेले होते. तुमचा भुशाचा डबा अजून तिथंच आहे, तळाला थोडा भुसा आहे. तुम्ही आजारी पडलात, नोकरी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्ही त्या मशीनपाशीच उभे होता. मला दिसत होतं. जेवताना, झोपताना, डायलिसिसच्या पलंगावर. कुणी आलं नाही म्हणून सोडवत नव्हतं तुम्हाला.

मी आलेय. किती झालं, कुठं अडलं, सगळं मला माहीत आहे, सांगायची गरज नाही. तुम्ही आता हात धुऊन घ्या.